ठिपक्यांची गुलबक्षी

सहा वर्षांपूर्वी ओळखीच्या एका काकूंनी मला कागदाच्या पुडीत गुलबक्षीच्या बिया दिल्या. घरी येऊन मोजल्या तर अकरा होत्या. काळ्या, सुरकुतलेल्या, मिरीपेक्षा जराशा मोठ्या, अंगावर उभ्या शिरा उठलेल्या. "कुठंही टाक, उगवेल," एवढंच काकू म्हणाल्या होत्या. त्यांचं म्हणणं खरं आहे, उगवण्यासाठी गुलबक्षी कुणाची वाट बघत नाही. पण तिच्यातलं आपल्याला आवडलेलं एक झाड वर्षानुवर्षं टिकवायचं म्हटलं, की बरंच शिकावं लागतं. मी ते ज्या क्रमानं शिकले त्याच क्रमानं सांगते.

माझी बाग म्हणजे घरामागची कुंपणालगतची एक वाकडीतिकडी पट्टी. तिला विटांची कड नाही, सरळ रांगा नाहीत. झाडं एकमेकांच्या अंगावर रेललेली असावीत, कुठून काय उगवलंय ते लगेच कळू नये, अशी बाग मला पहिल्यापासून हवी होती. अशा बागेला शोभेची नाजूक रोपं चालत नाहीत. एखाद्या आठवड्यात पाणी चुकलं तरी उभी राहणारी, वारा आणि ऊन सोसणारी आणि दर वर्षी नव्यानं लावावी न लागणारी झाडं लागतात. गुलबक्षी या सगळ्यात बसते. तिला अनेक जण हंगामी फुलझाड समजतात, मीही समजत होते. पण ती बहुवर्षायू आहे. वरचं झाड वाळून गेलं तरी खाली जाडजूड मूळ जिवंत असतं.

अकरापैकी सात बिया मी रात्रभर पाण्यात भिजवल्या आणि चार तशाच कोरड्या लावल्या. बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोल. भिजवलेल्या बिया नवव्या दिवशी वर आल्या, कोरड्या त्यानंतर आठवडाभरानं. शेवटी अकरापैकी नऊ उगवल्या, म्हणजे भिजवण्यानं फक्त वेळ वाचला. आपण जिला गुलबक्षीची बी म्हणतो ते खरं तर एक छोटं फळ असतं. फूल गळतं तेव्हा त्याच्या नळीचा तळाचा भाग मागं राहतो, तोच आवळत जातो, आधी हिरवा, मग काळा आणि टणक होतो. खरी बी त्या कवचाच्या आत असते. म्हणून एका फुलाला एकच बी. हे कळल्यावर मला त्या काळ्या मण्यांकडे बघण्याची वेगळीच गोडी लागली. प्रत्येक मणी म्हणजे एका संध्याकाळच्या फुलाचं बूड.

रोपं वर आली तेव्हा एका रोपाच्या डोक्यावर ते काळं कवच टोपीसारखं अडकून राहिलं होतं. मी मदत म्हणून ते नखानं ओढलं आणि त्याबरोबर एक बीजदल अर्धं फाटून आलं. ते रोप जगलं, पण बाकीच्यांच्या दोन आठवडे मागं राहिलं. तेव्हापासून मी टोपीला हात लावत नाही. फार वाटलं तर सकाळी त्यावर पाण्याचा एक थेंब सोडते, कवच मऊ होतं आणि दलं स्वतःच ते ढकलून देतात.

पहिल्या वर्षी माझी खरी चूक अंतराची झाली. रोपं इवलीशी दिसली म्हणून मी ती वीतभर अंतरावर ठेवली. दोन महिन्यांत त्यांची अशी गर्दी झाली की मधल्या झाडांची खालची पानं पिवळी पडली आणि दमट जागेत मावा धरला. गुलबक्षीचं एकेक झाड दोन-तीन फूट उंच होतं आणि तेवढंच पसरतं. आता मी दोन झाडांत निदान दीड-दोन फूट जागा सोडते. बाग मोकळीढाकळी असली तरी हवा खेळायला जागा लागतेच.

दुसरी गोष्ट तिच्या सांध्यांची. गुलबक्षीची खोडं जाड आणि रसरशीत दिसतात, पण जिथून पानं फुटतात तिथले सांधे फुगलेले असतात आणि तिथंच ती कडकन मोडतात. एका वादळी रात्रीनंतर तीन झाडं सांध्यांतून तुटलेली सापडली. काठ्यांचा आधार देणं मला त्या पट्टीत नको होतं. म्हणून नंतर रोप वीतभर झालं की मी त्याचा शेंडा खुडायला लागले. खुडलेली झाडं बुटकी आणि घेरदार होतात, एकमेकांना टेकून उभी राहतात. फुलं थोडी उशिरा येतात, पण फांद्या जास्त असल्यानं एकूण जास्तच येतात. खताचं म्हणाल तर लावताना कुजलेलं शेणखत घातलं तेवढंच. एका झाडाला मी हौसेनं दोनदा जास्त खत दिलं, तर ते नुसतं पानांनी माजलं.

पहिलं फूल पेरणीनंतर अकराव्या आठवड्यात आलं. त्या दिवशी मी दुपारपासूनच तिथं होते, कारण आदल्या संध्याकाळी कळी फुगलेली बघितली होती. साडेचारच्या सुमाराला, उन्हाचा कडकपणा उतरल्यावर, कळीच्या टोकाची घडी सैल झाली. छत्री उघडताना कापडाच्या घड्या जशा एकामागोमाग सुटतात तशी ती सुटत गेली. आधी आत गुंडाळलेले पुंकेसर सरळ होऊन बाहेर डोकावले, मग कडा बाहेर वळल्या. सगळ्याला वीसेक मिनिटं लागली असतील. फूल जर्द पिवळं होतं. अंधार पडता पडता सुगंध सुटला. तो दिवसा अजिबात नसतो.

मी बघत होते त्या पिवळ्या पाकळ्या प्रत्यक्षात पाकळ्याच नव्हेत, हे मला नंतर वाचून कळलं. गुलबक्षीला पाकळ्या नसतातच. रंगीत नरसाळं म्हणजे तिची निदलं, एरवी कळीला बाहेरून झाकणारी दलं, असतात, आणि खालची हिरवी वाटी, जिला आपण निदल समजतो, ती छोट्या पानांची बनलेली असते. बोगनवेलीचंही असंच काहीसं आहे. तिथं रंग मिरवतात ती फुलाभोवतीची पानं. या दोघी एकाच कुळातल्या. त्या कुळाचं शास्त्रीय नाव रात्रीवरून पडलंय आणि गुलबक्षीला ते शोभतं.

तिचं फूल रात्रीच्या पाहुण्यांसाठी आहे हे तिची नळी बघूनच लक्षात येतं. इंचभराहून लांब, सुईसारखी अरुंद, आणि मध अगदी तळाशी. मधमाशीची जीभ तिथवर पोचत नाही. पोचते ती हॉकमॉथ जातीच्या मोठ्या पतंगाची सोंड. पहिल्या वर्षी मला तो दिसला नाही. दुसऱ्या वर्षी एका रात्री साडेसातला दिसला. फुलावर न बसता हवेतच स्थिर, पंखांचा नुसता धूसरपणा, आणि सोंड नळीत. सात-आठ फुलं करून तो गेला. आणि पाहुणा नाहीच आला तर गुलबक्षी अडून राहत नाही. सकाळी फूल मिटताना तिचे पुंकेसर आणि स्त्रीकेसर वळत वळत आत येतात, एकमेकांत गुंततात आणि स्वतःचेच परागकण स्वतःला लागतात. सकाळी मिटलेलं फूल उकलून बघा, आत दोऱ्याची गुंडाळी पडावी तसे ते दिसतात. ढगाळ दिवशी मात्र फुलं दहा-अकरा वाजेपर्यंत उघडी राहिलेली मी पाहिली आहेत.

पहिला बहर संपला, हवा थंड आणि कोरडी झाली आणि झाडं भराभर उतरायला लागली. पानं पिवळी पडून गळाली, खोडं सांध्यांपाशी आपोआप सुटून पडली. आठवड्याभरात जमिनीवर काही उरलं नाही. मला वाटलं, पाणी कमी पडलं. मी रोज पाणी घालायला लागले. दोनेक आठवड्यांनी एका ठिकाणची माती दाबली तर ती मऊ लागली आणि वास आला. खुरप्यानं उकरलं, तर आत गाजराच्या आकाराचं काळं मूळ पूर्ण नासलं होतं. आणखी दोन उकरली, तीही तशीच. बाकीची सहा वाचली, ती केवळ पट्टीच्या चढाच्या भागात होती आणि तिथं पाणी साचत नव्हतं म्हणून.

या एका गोष्टीबद्दल मी गुलबक्षी लावणाऱ्या प्रत्येकाला सांगते. वरचं झाड गेलं की पाणी थांबवा. झाड मेलेलं नसतं. त्यानं सगळं साठवण कंदात नेलेलं असतं आणि त्या कंदाला त्या काळात फक्त कोरडी, निचऱ्याची माती हवी असते. जिथं जमीन गोठते तिथं लोक हे कंद काढून कोरड्या जागी ठेवतात आणि थंडी सरल्यावर परत लावतात. बाकी ठिकाणी वर पालापाचोळ्याचा थर टाकला की पुरतं. मी वाळलेल्या खोडाचं एक बोटभर बुंध जागेवर ठेवते, म्हणजे कंद कुठं आहे ते कळतं आणि खणताना खुरपं त्यावर बसत नाही.

हवा तापली तसे त्या सहा जागांवर तांबूस कोंब आले. मी त्यांच्याजवळ गुडघे टेकून किती वेळ बसले असेन ते सांगता येणार नाही. दुसऱ्या वर्षीचं झाड पहिल्या वर्षीच्या झाडाहून वेगळंच असतं. एका कंदातून चार-पाच जाड खोडं येतात, महिन्याभरात ती गुडघ्यापर्यंत पोचतात आणि फुलं बियांच्या रोपांहून कितीतरी आधी सुरू होतात. कंद वर्षागणिक जाडावत जातो. माझा सगळ्यात जुना कंद आता मनगटापेक्षा जाड आहे.

दुसऱ्या वर्षापासून मात्र वेगळं काम सुरू झालं. आधीच्या हंगामात गळून पडलेल्या बिया पट्टीभर उगवल्या. लिलीच्या गड्ड्यांत, पायरीच्या फटीत, पुदिन्यात, सगळीकडे तीच दोन जाड दलं. पहिल्यांदा मला आनंद झाला आणि मी काही उपटलं नाही. हंगाम संपेपर्यंत पट्टीत गुलबक्षीशिवाय दुसरं काही दिसेना. खाली दबून दोन वर्षांची लिली गेली.

मोकळी बाग म्हणजे सोडून दिलेली बाग नव्हे, हे मला त्या लिलीनं शिकवलं. शिस्तीच्या बागेत काय लावायचं ते ठरवावं लागतं. इथं जे आपणहून आलंय त्यातलं काय राहू द्यायचं ते ठरवावं लागतं, आणि ते काम जास्त अवघड आहे, कारण हातात असतं ते जिवंत, तजेलदार रोप. आता मी पहिल्या चांगल्या पावसानंतरचे दोन दिवस फक्त विरळणीसाठी ठेवते. रोप दोन-चार पानांचं असताना ओल्या मातीतून मुळासकट सहज येतं. महिना उलटला की खाली कंद धरायला लागतो. मग ओढलं तर वरचं तुटतं, खालचं राहतं आणि दहा दिवसांत परत फुटतं. उपटलेली रोपं कंपोस्टमध्ये चालतात. बिया आणि कंद मात्र मी त्यात टाकत नाही, आणि ओढ्याकाठी किंवा माळावर तर कधीच फेकत नाही. मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली ही गुलबक्षी जगभर बागांतून निसटून रानात गेली आहे आणि कितीतरी ठिकाणी ती तण ठरली आहे. आणखी एक गोष्ट, जी मला कुणीतरी आधीच सांगायला हवी होती: तिच्या बिया आणि मुळं विषारी आहेत, पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात. बिया दिसतात मण्यांसारख्या, त्यामुळे लहान मुलं आणि कुत्री-मांजरं असलेल्या घरात लक्ष ठेवावं.

तिसऱ्या वर्षी विरळणीतून वाचलेल्या एका रोपाला फुलं आली आणि मी जागच्या जागी थांबले. पिवळ्या फुलावर लाल शिंतोडे होते. एका फुलावर पाचसहा ठिपके, दुसऱ्याचा पाचवा हिस्सा पूर्ण लाल, तिसऱ्यावर कुंचला झटकल्यासारख्या रेघा. त्या झाडाची दोन फुलं सारखी नव्हती. मला त्या झाडाचा लळा लागला. रोज संध्याकाळी त्यावर काय उमटलंय ते बघायला मी जायचे.

साहजिकच मी त्याच्या बिया राखल्या. पिकलेली बी काळी झाली की हलक्या धक्क्यानंही गळते, म्हणून रोज वेचाव्या लागत. वीस बिया लावल्या, सतरा उगवल्या आणि मी त्यांना फुलं येईपर्यंत दिवस मोजले. नऊ झाडं साधी पिवळी निघाली. एक पूर्ण लाल. ठिपक्यांची सात, पण त्यातल्या कुठल्याही झाडावर आईसारखे दाट शिंतोडे नव्हते. काहींवर तर दहा फुलांत एखादा ठिपका.

गुलबक्षीचा लाल आणि पिवळा ही दोन्ही रंगद्रव्यं एकाच घराण्यातली आहेत, बीटाला आणि बोगनवेलीला रंग देणाऱ्या घराण्यातली. लाल रंग तयार व्हायला एक जनुक धड असावं लागतं. ठिपक्यांच्या झाडात त्या जनुकाच्या मध्येच डीएनएचा एक उडता तुकडा येऊन बसलेला असतो, त्यामुळे लाल बनत नाही आणि फूल पिवळं राहतं. पण तो तुकडा अधूनमधून एखाद्या पेशीतून निघून जातो. त्या पेशीचं जनुक पुन्हा कामाला लागतं आणि तिच्यापासून पुढं झालेल्या सगळ्या पेशी लाल होतात. कळी जवळजवळ पूर्ण झाल्यावर तुकडा निघाला तर बारीक ठिपका, आधी निघाला तर मोठा लाल पट्टा, आणि फांदीच्या सुरुवातीलाच निघाला तर अख्खी फांदीच लाल फुलांची. हे समजल्यावर माझी निराशा गेली. प्रत्येक ठिपका म्हणजे त्या फुलात, त्या दिवसांत घडून गेलेली एक घटना होती. बी तिची नक्कल कशी करणार?

रंगांच्या बाबतीत गुलबक्षीनं शास्त्रज्ञांनाही कामाला लावलं होतं. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम 1900 साली पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स, यांनी तिच्यावर बरेच प्रयोग केले. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला तर पहिल्या पिढीत गुलाबी फुलं येतात आणि पुढच्या पिढीत लाल, गुलाबी, पांढरी 1:2:1 अशी विभागतात. 1909 साली त्यांनी पानांवर पांढरे-हिरवे चट्टे असलेल्या गुलबक्षीबद्दल लिहिलं. तिथं नव्या रोपाच्या पानांचा रंग बी ज्या फांदीवर धरली त्या फांदीवरून ठरत होता, पराग कुठून आले याचा काही संबंध नव्हता. हिरव्या फांदीच्या बीची रोपं हिरवी, पांढऱ्या फांदीच्या बीची पांढरी, आणि ती पांढरी बिचारी अन्न करता न आल्यानं लवकरच मरायची. माझ्या कुंपणाशी उगवणाऱ्या या झाडाकडे कुणी इतक्या बारकाईनं बघितलं होतं, याचा मला फार आनंद झाला.

बीवर भरवसा नसेल तर कंदावर ठेवायचा, एवढं ठरलं. पण झाडं वाळल्यावर सगळे बुंधे सारखेच दिसतात, म्हणून बहर जोरात असतानाच मी ठिपक्यांच्या झाडाच्या बुंध्याला तांब्याची तार सैल बांधून ठेवली. आधी तीन-चार फांद्या कापून ओल्या वाळूत लावून बघितल्या होत्या. सगळ्या सांध्यांपासून सडल्या.

झाड पूर्ण वाळल्यावर त्याच्या भोवती हातभर लांबून खणायला घेतलं. कंद सरळ खाली जातो आणि टोकाकडे निमुळता होतो, ओढला तर अर्ध्यात तुटतो. मला तासभर लागला. बाहेर आला तो काळपट, खरखरीत, आडव्या सुरकुत्यांचा, कोपरापासून मनगटापर्यंत लांब. शेंडीपाशी, जिथं खोडं होती, तिथं बारीक फुगलेले डोळे होते. जे काही फुटणार ते तिथूनच. खालचा भाग कितीही जाड असला तरी तो वेगळा लावून मला कोंब मिळाला नाही. म्हणून कंद आडवा न कापता धारदार सुरीनं उभा कापला, दोन्ही बाजूंना डोळे येतील असा. आत पांढुरक्या गरात वर्तुळामागून वर्तुळं होती. कापलेल्या बाजूंना राख लावली, चार दिवस सावलीत सुकवलं आणि कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवलं.

हवा तापल्यावर दोन्ही तुकडे लावले, शेंडी मातीच्या जेमतेम खाली. पाणी पहिल्यांदा एकदाच घातलं आणि कोंब दिसेपर्यंत हात आवरला. ते सगळ्यात कठीण गेलं. एक तुकडा कापाच्या बाजूनं सडला. दुसऱ्याला तेविसाव्या दिवशी तीन कोंब आले.

त्या तुकड्याचं झाड आता दोन वर्षांचं आहे, आणि शिंतोडे पूर्वीसारखेच दाट आहेत. आजूबाजूच्या साध्या पिवळ्यांपैकी तीन मी यंदा काढल्या, म्हणजे त्याला ऊन मिळेल. मागच्या आठवड्यात त्याची कुंपणाकडची एक फांदी पूर्ण लाल फुलांची निघाली, एकही पिवळा डाग नाही. ती कापावी का, असा विचार दोन संध्याकाळी केला आणि राहू दिली. तिच्या बिया वेगळ्या वेचते आहे. आज सकाळपर्यंत चौदा झाल्यात, त्यांच्या पुडीवर मी त्या फांदीचं चित्र काढून ठेवलंय.